शहरालगतच्या गावांचा एकत्र आराखडा कसा करायचा: नाशिकच्या शिवारातून

नाशिकहून कुठल्याही रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर जा, शहर नेमकं कुठे संपलं ते बोट ठेवून दाखवता येणार नाही. दिंडोरी रस्त्याला म्हसरूळ मागे पडलं की द्राक्षबागा लागतात आणि बागांच्या मधोमध 'एनए प्लॉट विक्रीस उपलब्ध' असा फलक उभा असतो. त्र्यंबक रस्त्याला बेळगाव ढगा, महिरावणीपर्यंत कॉलेजं, लॉन्स आणि हॉटेलं. गंगावऱ्हे-सावरगावकडे गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून फार्महाऊस. सिन्नरकडे कारखाने. यातली प्रत्येक ग्रामपंचायत आपापला विकास आराखडा करते, महापालिका तिचा करते, महानगर प्राधिकरण आणखी एक करतं. पाणी, मजूर, टोमॅटोचे क्रेट, सांडपाणी आणि शाळेला निघालेली पोरं मात्र कुणाचीही हद्द बघून चालत नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की गाव एकटं आखू नका. पाच-सात गावांचा झुबका घ्या, त्याला शहराचा जो काठ लागतो तोही घ्या आणि सगळं एका कागदावर आणा. दुसरं सांगणं क्रमाबद्दल आहे. बहुतेक आराखडे रस्ता आणि प्लॉट यांच्यापासून सुरू होतात, तिथेच घोळ होतो. आधी पाणी, मग माणसांची ये-जा, मग सोयी, त्यानंतर घरं, आणि नवे रस्ते सर्वांत शेवटी. हे लिखाण ग्रामपंचायत सदस्य, नगररचनेचे विद्यार्थी आणि ज्यांची जमीन या पट्ट्यात आहे त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून मी मुख्यतः गिरणारे पट्टा धरला आहे: गंगापूर, गोवर्धन, गिरणारे, दुगाव, धोंडेगाव आणि आसपासच्या वाड्या-पाडे.

हद्द कशी ठरवायची

झुबक्याची हद्द दोन रेषांवरून ठरते. पहिली पाणलोटाची. कोणत्या शिवाराचं पाणी वाहून गंगापूर धरणात जातं आणि कोणत्या शिवाराचं धरणाच्या खाली उतरतं, हे आधी बघा. शहर ज्या धरणाचं पाणी पितं त्याच्या वरच्या अंगाला तुमची वस्ती वाढणार असेल तर नियम वेगळे, खाली असेल तर वेगळे. दुसरी रेषा रोजच्या खेपांची. दळण, दवाखाना, बियाणं, बँक, दहावीनंतरचं कॉलेज यांसाठी माणूस कुठे जातो ते पाच-दहा घरांत विचारलं तरी चित्र दिसू लागतं. दोन्ही रेषा जिथे साधारण जुळतात ती तुमची हद्द. नाहीच जुळल्या तर पाणलोटाला झुकतं माप द्या. माणूस बाजार बदलू शकतो, ओहोळ उतार बदलत नाही.

1919 पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीखोऱ्याचा एक उभा छेद काढून त्यावर माणसांचे धंदे बसवायची पद्धत मांडली होती. आपल्याकडे ती जशीच्या तशी चालते. गोदावरी उगम पावते त्या ब्रह्मगिरीपासून खाली नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत एक रेघ ओढा. वर पाडे, भात-नागली आणि जंगल, मग धरण, मग बागा, मधे शहर, त्याखाली ऊस-कांदा आणि पुराचं पाणी. पाऊससुद्धा या रेघेवर झपाट्याने उतरतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, सिन्नर-येवल्याकडे पाच-सहाशेवरच थांबतो. जिल्हा एकच, तरी एका टोकाला बसणारा आराखडा दुसऱ्या टोकाला बसत नाही.

नकाशे एका मापात आणणं

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पुढचं सगळं हवेत जातं. भूमी अभिलेख कार्यालयातून प्रत्येक गावाचा गावनकाशा घ्या. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटांच्या सीमा दिसतात, पण त्यावर भरवसा ठेवून मोजमाप करू नका. तो ओळख पटवण्यापुरता. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 नकाशा आणि उपग्रह चित्र लागेल. गावनकाशे वेगवेगळ्या मापांचे निघतात. कुठला 1:5,000, कुठला 1:10,000, जुना असला तर इंच-मैलांत. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते उपग्रह चित्रावर बसवा. बसवताना विहीर, देऊळ, नाल्याचा काटकोन, तीन गावांच्या हद्दी मिळतात तो दगड असे न हलणारे बिंदू घ्या. रस्त्याचं वळण घेऊ नका, रस्ता मधल्या काळात सरकलेला असतो.

आता गावनकाशा जवळून वाचा. तुटक दुहेरी रेघ दिसली तर तो गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. या रेघा आज शिवारात शोधायला जा. अर्ध्या ठिकाणी वाटेवर द्राक्षाचा मांडव आलेला असतो, नाहीतर तारेचं कुंपण. नकाशावर असलेली आणि जागेवर बुजलेली प्रत्येक वाट लाल पेनने नोंदवा. पुढे रस्त्यांचा प्रश्न येईल तेव्हा नव्या भूसंपादनाआधी ही यादी उघडायची आहे.

नकाशा घेऊन शिवार पायी पालथं घाला, आणि एकटे जाऊ नका. गावातला एक म्हातारा, एक वायरमन किंवा पाणीपुरवठा कर्मचारी आणि रोज शेतात जाणारी एक बाई सोबत घ्या. म्हातारा जुना ओढा दाखवतो, वायरमन विजेची डीपी कुठे आणि भार कुठे ते सांगतो, बाई सांगते की पावसाळ्यात कोणत्या वाटेला गुडघाभर चिखल असतो. गटविकास अधिकाऱ्याच्या फायलीत यातलं काही सापडत नाही.

जिथे बांधायचं नाही ते आधी रंगवा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे जे रंगवाल त्यावर पुढे कुणाचीही चिठ्ठी चालू देऊ नका.

नदी-नाल्यांपासून सुरुवात करा. जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा असतील तर त्या घ्या. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी ते लाल या पट्ट्यात नियंत्रण. अडचण अशी की या रेषा मोठ्या नद्यांना आखलेल्या असतात, गावातल्या ओहोळाला बहुधा नसतात. मग राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीतलं किमान अंतर तरी पाळा: मोठ्या प्रवाहाच्या काठापासून 15 मीटर, लहान नाल्यापासून 9 मीटर. माझ्या मते सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओहोळांना 9 मीटर कमी पडतात, तिथे गावानेच ठरवून जास्त सोडावेत.

पुराची खूण कागदावर नसली तरी लोकांच्या डोक्यात असते. नाशिककर पूर मोजतात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, एवढं सांगितलं की पुढचं कळतं. प्रत्येक गावात अशी एखादी खूण असतेच: फरशी पुलाचा कठडा, देवळाची पायरी, एखाद्या घराच्या भिंतीवरचा ओला डाग. सप्टेंबर 2008 मध्ये शहरात पाणी कुठवर आलं आणि 2016 व 2019 च्या ऑगस्टात शहराखालच्या गोदाकाठी सायखेडा-चांदोरीला कुठवर चढलं, हे लोकांना घरागणिक आठवतं. त्या खुणांची उंची लेव्हल मशिनने किंवा चांगल्या जीपीएसने घ्या आणि नकाशावर जोडा. मिळणारी रेषा अधिकृत नसते, पण ग्रामसभेत तिच्याइतकं वजन दुसऱ्या कशाला येत नाही.

सायखेडा-चांदोरीचं उदाहरण वरच्या गावांनीही ध्यानात ठेवावं. गंगापूर आणि दारणा दोन्हींचा विसर्ग एकाच वेळी आला आणि पुढे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा तुंबला की तिथल्या पेठेत पाणी शिरतं. वरच्या अंगाला जेवढे ओहोळ पाइपात घालाल, नाल्याला भिंती बांधाल आणि शेतांवर फरशा-डांबर ओताल, तेवढं पाणी कमी वेळात खाली पोचतं. पुराचा हिशेब गावाच्या हद्दीत बसत नाही तो यामुळे.

पुढे चढ. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला परवानगी नाही. 1:50,000 च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी) 20 मीटरला एक असते, म्हणजे लगतच्या दोन रेषांमधलं अंतर 2 मिलिमीटरपेक्षा कमी भरलं की तो उतार नको त्या यादीत गेला. पट्टी घेऊन बसलात तर एका दुपारचं काम आहे. पायथ्याला जेसीबी लावून टप्पे पाडले की जागा सपाट दिसते, म्हणून जुना नकाशा प्रमाण माना, आजचा फोटो नाही.

वनजमीन, गायरान, स्मशानभूमी, देवराई असल्यास ती, पाझर तलाव आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवतीची मोकळी जागा हेही रंगवा. गायरानावर डोळा असणारे गावोगाव आहेत. 2011 च्या जगपाल सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सार्वजनिक जमिनीवरचं अतिक्रमण नियमित करणं अवघड झालं आहे, हे ग्रामसभेत आधीच सांगून टाका.

शेवटची गोष्ट, ज्यावर भांडणं होतात: चांगली बागायत. द्राक्षबाग वाचवायची की शेतकऱ्याला प्लॉटचा पैसा मिळू द्यायचा, हा निर्णय आराखडा करणाऱ्याने परस्पर घेऊ नये. पण एवढं जरूर करा की सलग बागायतीचे मोठे पट्टे वेगळे दाखवा आणि आधीच तुकडे पडून मधे घरं घुसलेले पट्टे वेगळे. औषध फवारणीच्या ब्लोअरला लागून बंगला आला की दोन वर्षांत तक्रारी सुरू होतात, मग बाग जाते. ती मालकाच्या निर्णयाने गेलेली नसते, शेजारामुळे गेलेली असते.

कोण, कुठे, कधी जातं

गिरणारेचा मजुरांचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा टप्पा समजावून सांगायला नको. पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून माणसं जीपा-पिकअपमधून सकाळी येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात, भाव ठरतो, बागाईतदार त्यांना घेऊन जातो. काही दिवसाच्या रोजावर, काही बिऱ्हाड घेऊन महिनोन्महिने. ऑक्टोबरची फळछाटणी, पुढे डिपिंग-थिनिंग (घड द्रावणात बुडवणं आणि मणी विरळ करणं), जानेवारीपासून काढणी, एप्रिलची खरडछाटणी असं ते चक्र. त्यात टोमॅटोचा हंगाम मिसळला की तोच रस्ता मजुरांनीही भरतो आणि क्रेटच्या गाड्यांनीही. जनगणनेत ही माणसं त्यांच्या पाड्यावर मोजली जातात. पाणी, संडास, रात्रीचा निवारा त्यांना इथे लागतो.

म्हणून मोजणी एका दिवसाची करू नका. निदान तीन हंगामांत करा: छाटणीचा, काढणीचा आणि ऐन पावसाळ्याचा. साधन साधं आहे. फाट्यावर दोघांनी सकाळी सहा ते रात्री आठ बसायचं, पायी, सायकल, दुचाकी, जीप, बस, ट्रॅक्टर, ट्रक असे रकाने करून दर पंधरा मिनिटांनी रेघा मारायच्या. आठवडे बाजाराचा दिवस वेगळा मोजायचा. मग कागदावर प्रत्येक वाटेची जाडी तिच्यावरच्या खेपांप्रमाणे काढायची. जाड रेघा बहुतेक वेळा डांबरी रस्त्यावर येतात, पण एखादी भलत्याच पाणंदीवर निघते. तीच कामाची.

चार प्रश्न हमखास विचारा. आठवी-दहावीच्या मुली शाळेला कशा जातात आणि शेवटची बस चुकली तर काय करतात. बाळंतपणाची केस रात्री निघाली तर गाडी कुठून येते. दूध संकलनाला किती वाजता पोचवावं लागतं. शहरात कामाला जाणारे सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला कसे पोचतात. महापालिकेच्या सिटीलिंक सेवेच्या बस शहराबाहेरच्या गावांपर्यंत जातात, एसटीही आहे. तरी थांबा गावाच्या वेशीत आहे की दीड किलोमीटरवर फाट्याला, यावर मुलीचं कॉलेज ठरतं.

कोणत्या गावात काय

सगळ्या गावांना सगळं मिळणार नाही. हे एकदा मान्य केलं की आराखडा सोपा होतो, राजकारण अवघड होतं. निकष ठरलेले आहेत. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर पाच हजार लोकांमागे, आदिवासी-डोंगरी भागात तीन हजारांमागे. प्राथमिक आरोग्य केंद्र तीस हजार आणि वीस हजार. ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाची सोय एक लाख वीस हजार आणि ऐंशी हजार. पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत.

वर्गात जर्मन भूगोलतज्ज्ञ क्रिस्टलर शिकवतात. त्याने 1933 मध्ये दक्षिण जर्मनी बघून मांडलेले बाजारगावांच्या सेवाक्षेत्रांचे षटकोन कागदावर देखणे दिसतात. नाशिकच्या पश्चिमेला ते बसवायला गेलात तर एक कोन डोंगरात अडकतो आणि एक धरणात बुडतो. सरळ रेषेतलं अंतर मोजू नका, पावसाळ्यातला वेळ मोजा. धरणाच्या पलीकडचं गाव नकाशावर दोन किलोमीटर असतं आणि रस्त्याने पंधरा.

झुबक्यात एक गाव वरचं धरा, दोन-तीन मधली, बाकी लहान. गिरणारेला बाजार आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, रस्ते तिथे मिळतात. तेव्हा नवं ज्युनिअर कॉलेज, बँकेची शाखा, शेतमाल हाताळणीचा ओटा, मजुरांसाठी निवारा आणि स्वच्छतागृह तिथेच. मधल्या गावांत दहावीपर्यंतची शाळा, पशुवैद्यकीय दवाखाना, दूध शीतकरण. पाड्यावर अंगणवाडी, पाणी, बारमाही वाट आणि दिवा. ज्या गावाच्या वाट्याला मोठं काही येत नाही त्याला बदल्यात बसच्या जास्त फेऱ्या ठरावातच लिहून द्या. तोंडी आश्वासनावर सरपंच तयार होत नाहीत, आणि व्हायलाही नको.

घरांना किती जागा लागेल

समजा झुबक्यात आज 12,000 माणसं आहेत आणि वीस वर्षांनी 20,000 होतील असा अंदाज आहे. वाढीव 8,000, घरामागे चार धरली तर 2,000 घरं. गावठाणाला लागून, हेक्टरी 100 माणसं या बेताने वस्ती केली तर 80 हेक्टर, म्हणजे दोनशे एकरांच्या आत काम भागतं. हीच माणसं हेक्टरी 25 च्या हिशेबाने प्लॉट पाडून शिवारभर विखुरली तर 320 हेक्टर लागतील. फरक 240 हेक्टरांचा, जवळपास सहाशे एकर. पाण्याची पाइपलाइन, विजेचे खांब, घंटागाडीचं डिझेल हे सगळं या फरकाच्या मागोमाग वाढतं, आणि ग्रामपंचायतीची घरपट्टी ते पेलत नाही. हा हिशेब आपल्या गावाचे आकडे घालून फळ्यावर मांडा. नकाशापेक्षा लवकर पटतो.

पहिल्यांदा गावठाणातल्या पडक्या आणि बंद घरांची मोजदाद करा. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाल्या असतील तर काम हलकं होतं. वाटणीच्या वादामुळे पडून राहिलेल्या जागा बऱ्याच निघतात. त्यानंतर गावठाणालगतचा पट्टा. जमीन महसूल संहितेत गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीच्या अकृषिक वापरासाठी 42-ड या कलमाने सुलभ तरतूद आणली. वाढ तिथेच ओढली तर चालत शाळा, चालत देऊळ, चालत किराणा राहतो. मळ्यात राहणाऱ्यांना मात्र गावठाणात ढकलू नका. निफाड-दिंडोरीकडे बागेत घर असणं ही शेतीचीच गरज आहे. त्यांना वाट आणि पाणी द्या, प्लॉटिंग तेवढं आवरा.

दोन गावांच्या मधे मोकळं शिवार राहू द्या. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची सलग रांग झाली की गाव संपून नुसता रस्ता उरतो, वाहतूक तुंबते आणि मागच्या शेतात जायला वाट राहत नाही. गोवर्धन कुठे संपलं आणि पुढचं गाव कुठे लागलं हे दिसलं पाहिजे. एक-दीड किलोमीटरचा सलग शेतीचा पट्टा दोन्ही ग्रामपंचायतींच्या ठरावात गट क्रमांकांसह लिहा. 'हरित पट्टा ठेवावा' एवढं मोघम वाक्य पहिल्याच पावसात वाहून जातं.

रस्ते, आता

बुजलेल्या वाटांची लाल यादी काढा. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतात. वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. मातोश्री ग्रामसमृद्धी योजना पाणंद रस्त्यांसाठीच आणली गेली. दहा किलोमीटर पाणंदी खडीकरण करून जोडल्या तर ट्रॅक्टर आणि दूधवाले मुख्य रस्त्यावरून उतरतात, आणि नव्या बायपासची मागणी बरीचशी आपोआप विरते.

नवीन रस्ता लागलाच तर तो उताराला आडवा न घालता शक्यतो रिजवरून (पाणी दोन्हीकडे वाटणाऱ्या उंच धारेवरून) न्या, म्हणजे मोऱ्या कमी लागतात. आणि बायपासला ठिकठिकाणी फाटे देऊ नका. मुंबई-आग्रा महामार्गावर शहराचं काय झालं ते समोर आहे: बाहेरून जाणारा रस्ता पाहता पाहता शहराच्या पोटात आला, मग उड्डाणपूल बांधावा लागला.

सांडपाणी

जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरने 20,000 माणसांना रोज 11 लाख लिटर पाणी लागेल. शहरासारखी राहणी आली आणि 135 लिटर धरले तर 27 लाख. त्याचं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज साडेएकवीस लाख लिटरच्या आसपास. हे कुठे जाणार याचं उत्तर नसेल तर घरांचा नकाशा मंजूर करू नका. धरणाच्या वरच्या अंगाला याचं गांभीर्य दुप्पट, कारण तेच पाणी शहराच्या नळाला येतं. खालच्या अंगाला ओढा गाव, सायखेडा, चांदोरी इथल्या लोकांना पाणवेलींचा हिरवा थर सांगतो की वरून काय येतं.

विखुरलेल्या घरांना शोषखड्डे, दाट गावठाणाला बंदिस्त गटार आणि शेवटी स्थिरीकरण तळी (सांडपाणी साठवून निवळवणारी) किंवा पाणथळ वनस्पतींची शुद्धीकरण व्यवस्था, एवढं बहुतेक गावांना पुरतं. जागा मात्र आत्ताच राखा. गावाच्या सगळ्यात सखल बाजूला, पूररेषेच्या बाहेर. ती जागा नेहमी स्वस्त असते, म्हणून तीच सर्वांत आधी विकली जाते.

आणि पाण्याची हमी गृहीत धरू नका. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीच्या सूत्राने ठरलं. नाशिकचं धरण भरलं म्हणजे पाणी आपलं, असं समीकरण नाही.

जमीन कुणाची, जाणार कुणाची

शाळा, रस्ता, मैदान यांसाठी नकाशावर आरक्षण टाकणं सोपं. ज्याच्या गटावर ते पडतं तो बुडाला आणि शेजाऱ्याचा भाव वाढला, अशी वाटणी झाली की आराखडा न्यायालयात जातो. नगररचना योजना हा त्यातला मार्ग आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून तो उपलब्ध आहे, आज 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमात आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेले नीट आकाराचे भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे. नाशिकमध्ये मखमलाबाद-हनुमानवाडीला असा प्रस्ताव आला तेव्हा शेतकऱ्यांचा मोठा विरोध झाला. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शेतकरी स्वतःच एकत्र आले. माझ्या मते मुद्दा विश्वासाचा आहे: आपल्या गटाचा किती भाग जाणार आणि परत मिळणारा भूखंड नेमका कुठे असणार, हे मालकाला पहिल्या बैठकीत दाखवता आलं पाहिजे. 'नंतर कळवू' म्हटलं की माणूस उठून जातो.

पेठ, सुरगाणा, कळवण पूर्ण आणि नाशिक, दिंडोरी, इगतपुरी, बागलाण तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. ग्रामसभेशी विचारविनिमय झाल्याशिवाय भूसंपादन करता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर संहितेच्या 36 आणि 36-अ कलमांची परवानगी लागते. तुमच्या झुबक्यातलं प्रत्येक गाव, नव्हे प्रत्येक गट, या दृष्टीने तपासा. फार्महाऊसचे व्यवहार इथेच फसतात.

महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत जमीन असेल तर खरेदी-विक्रीपूर्वी झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठरली आहे त्याचा) घ्या. दलालाच्या मोबाइलमधल्या रंगीत नकाशावर जाऊ नका. प्लॉटिंगचा लेआउट बघताना 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के खुली जागा सोडलेली आहे का, ती सपाट आणि पोचता येण्यासारखी आहे का, की नाल्याच्या खड्ड्यालाच खुली जागा म्हटलंय, हे जागेवर जाऊन बघा.

ग्रामसभेत कसं मांडायचं

ए-थ्रीवर छापलेला नकाशा कुणाला वाचता येत नाही. गावनकाशा फ्लेक्सवर दहा बाय दहा फुटांचा छापा, पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर जमिनीवर अंथरा आणि लोकांना आपलं घर शोधू द्या. घर सापडलं की माणूस बोलू लागतो. चुकीचं नाव, सरकलेली विहीर, सुटलेली वस्ती तिथल्या तिथे मार्करने दुरुस्त करा. महिला सभा आधी घ्या. पाण्याची, सरपणाची आणि अंधाऱ्या वाटांची माहिती तिथेच निघते. मजुरांशी बोलायचं असेल तर सकाळी त्यांच्या थांब्यावर जा, ते ग्रामसभेला येत नाहीत.

सगळ्या ग्रामपंचायतींचे ठराव एकाच मसुद्याचे घ्या, गट क्रमांकांसह, आणि जोडनकाशावर प्रत्येक सरपंचाची आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) सही. हाच मजकूर प्रत्येकाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात जाऊ द्या, म्हणजे वित्त आयोगाचा पैसा त्यावर लावता येतो. प्राधिकरणाचा किंवा प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींच्या मुदतीत हीच कागदपत्रं जोडून लेखी हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. पूररेषेच्या खुणांचे फोटो, फाट्यावरची मोजणी आणि बुजलेल्या वाटांची यादी सोबत असेल तर सुनावणीत अधिकारी कागद पुढे ओढून बघतो. नुसत्या सह्यांचं निवेदन फायलीला लागतं.

त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, तोच फ्लेक्स पुन्हा अंथरा. वर्षभरात कुठे घरं उठली, कोणता ओहोळ बुजला, कोणती पाणंद मोकळी झाली ते खुणेने दाखवा आणि फोटो काढून तारखेसह दप्तरी लावा.